ग्रीन टी कडूच का होतो? वाचक विचारतात

गेल्या अंकात चायनीज ग्रीन टीबद्दल जाता जाता एक ओळ लिहिली होती, की या चहाला खळखळ उकळतं पाणी घालू नका. बस, एवढंच. त्यावर एवढी पत्रं आली की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच दिला. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि कुणाचं पत्र सुटलं असेल तर रागावू नका.

प्रश्न : ओळखीतल्या एकांनी चीनमधल्या हांगचौहून लाँगजिंग नावाच्या ग्रीन टीचा डबा आणून दिला. पानं बघूनच जीव खूश झाला, चपटी, गुळगुळीत, इस्त्री केल्यासारखी, आणि वास एकदम खमंग. पण चहा केला की तोंड वाकडं. पहिल्यांदा उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवला, नुसतं विष. मग नेटवर वाचून थर्मामीटर आणला, बरोब्बर ८० डिग्रीचं पाणी घेतलं, तरी कडूच! पानं पण मी चिमूटभरच टाकते हो. चूक कुठंय?
— तोंड वाकडं करणारी

उत्तर : तुम्ही दुसऱ्या खेपेची डिग्री सांगितली पण वेळ नाही सांगितली, आणि भांडं कुठलं तेही नाही. माझा अंदाज सांगू? जाड चिनी मातीची किटली, वर झाकण, आणि "मुरू दे जरा" म्हणून पाच-सात मिनिटं. बरोबर ना? कारण मीही हेच केलेलं आहे. माझ्याकडे एक सुंदर जाडजूड किटली होती, पाणी मोजून ८० ला घातलं, वर झाकण लावलं, तेवढ्यात फोन आला, परत आले तर पानं पार पिवळी पडलेली, शिजवलेल्या पालेभाजीसारखा वास, आणि घोट घेतला तर जीभ टाळूला चिकटली. आकडा बरोबर होता, पण जाड भांडं आणि झाकण ती ऊष्णता धरून बसलं, पानं त्यात शिजत राहिली.

आता आत काय चालतं ते थोडं समजून घ्या म्हणजे पुढचं आपोआप कळेल. पानात चवीच्या दृष्टीने मुख्य तीन गोष्टी, एक थिअनिन नावाचं अमिनो आम्ल, त्याने तो गोडसर, तोंड भरून टाकणारा स्वाद येतो. दुसरं कॅटेचिन, हे तुरट आणि कडू. तिसरं कॅफीन, तेही कडू. थिअनिन तसं पटकन उतरतं, फार गरम पाणी लागत नाही. कॅटेचिन मात्र पाणी जितकं गरम आणि वेळ जितका जास्त तितकं जास्त उतरतं. काळ्या चहात पानं मळून हवेवर काळी होऊ देतात, त्यात बरंचसं कॅटेचिन बदलून जातं, म्हणून तो उकळत्या पाण्याला पुरून उरतो. चायनीज ग्रीन टीत तोडलेली पानं काळी पडण्याआधीच तापल्या कढईत टाकून परततात, चिनीत त्याला 'शाचिंग' म्हणतात, म्हणजे शब्दशः हिरवेपणा मारणं (गंमत म्हणजे हिरवेपणा टिकतो तो त्यानेच). त्या उष्णतेने काळं करणारं एन्झाइम बंद पडतं आणि कॅटेचिन होतं तसं राहतं. म्हणजे कडूपणा पानात भरलेलाच आहे, आपण त्याला किती बाहेर येऊ द्यायचं एवढाच प्रश्न.

तर असं करून बघा. ३ ग्रॅम पानं, १५० मिली पाणी, ८० ते ८५ डिग्री, पातळ काचेचा ग्लास किंवा साधा कप, झाकण नाही. पाऊण मिनिटाला चमच्याने थोडं घेऊन चाखा, मग परत एका मिनिटाला, मग सव्वा मिनिटाला. ज्या घोटाला "हां, हेच" वाटेल तिथे सगळं पाणी दुसऱ्या कपात ओता, शेवटच्या थेंबापर्यंत. खाली दोन घोट पाणी राहिलं तर पानं त्यात बसून कडवट होतात आणि दुसऱ्या पाण्याचा चहा बिघडतो.

आणि "चिमूटभर" सोडा बघू. चपट्या लाँगजिंगचा एक चमचा आणि गोळ्या गोळ्यांच्या गनपावडर टीचा एक चमचा, यांच्या वजनाचा एकमेकांशी काही संबंध नाही. ग्रॅमचे दशांश दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या, थर्मामीटरपेक्षा त्याचा उपयोग जास्त, हे मी अनुभवाने सांगते. तरीही कडू लागला तर एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी वेळ कमी करा. मग पानं. डिग्री सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात, पाणी ७०, मग ६५, मग कोमट, आणि शेवटी कडूही नाही गोडही नाही असं काहीतरी पीत बसतात (खाली एक पत्र आहेच तसं).

हो, डब्याच्या तळाचा चुरा वेगळा काढा. तुटलेलं पान फार भराभर उतरतं, चिमूटभर चुरा अख्ख्या कपाची वाट लावू शकतो.

प्रश्न : थर्मामीटर घ्यायचा नाहीये, एका चहासाठी किती ती उपकरणं. आजी-पणजीच्या काळात काय डिग्री मोजत होते का? डोळ्याने कळायचा काही उपाय?
— उपकरणांना कंटाळलेला

उत्तर : डोळ्याने कळतं आणि हे फार जुनं आहे. आठव्या शतकात, थांग राजवटीत, लू यू नावाच्या माणसाने चहावर अख्खा ग्रंथ लिहिला, त्यात उकळीचे तीन टप्पे दिलेत. माशाच्या डोळ्यांसारखे बुडबुडे आणि बारीक आवाज ही पहिली उकळी, कडेकडेने मोत्यांच्या माळेसारखे बुडबुडे ही दुसरी, लाटा उसळल्या की तिसरी, आणि त्याच्या पुढे पाणी 'म्हातारं' झालं, पिऊ नका. किती छान ना, म्हातारं पाणी! पण हे तसंच्या तसं उचलू नका, कारण लू यू चहाची वडी कुटून त्याची पूड पातेल्यातच उकळायचा, वर चिमूटभर मीठही टाकायचा. अख्खी पानं कपात भिजवणं हे नंतरचं, १३९१ मध्ये मिंग बादशहा होंगवूने वड्यांच्या रूपातला नजराणा बंद करून सुटी पानं पाठवायला सांगितली, तिथून त्याने खरा जोर धरला. म्हणून बुडबुडे बघायचे ते अंदाजापुरते.

मला विचाराल तर बुडबुड्यांपेक्षा साधं गणित बरं. पाण्याला पूर्ण आधण येऊ द्या, मग त्यात साधं पाणी मिसळा. खोलीतलं पाणी २५ डिग्री धरलं तर तीन वाट्या उकळतं आणि एक वाटी साधं म्हणजे साधारण ८१ डिग्री. चारास एक घेतलं तर ८५. दोनास एक घेतलं तर ७५. झालं, थर्मामीटरची सुट्टी. साधं पाणी पिण्यायोग्य असावं हे वेगळं सांगायला नको. मिसळायचं नसेल तर उकळतं पाणी एका रिकाम्या, थंड भांड्यात ओता, मिनिटभर थांबा, मगच पानांवर घाला. डिग्री किती उतरेल ते भांड्यावर आहे, काचेचं पातळ असेल तर कमी, थंड आणि जाड मातीचं असेल तर ते आधी स्वतः तापतं, म्हणून चांगलीच उतरते.

तुम्ही डोंगरावर राहत असाल तर आणखी सोपं, दर ३०० मीटरला उकळबिंदू साधारण एक डिग्रीने खाली येतो, म्हणजे १५०० मीटरवर पाणी ९५ लाच उकळतं.

प्रश्न : बिलुओचुन नावाचा चहा घेतला, बारीक बारीक वेटोळी आणि वर पांढरी लव. पाणी ओतलं तर चहा गढूळ झाला, वर कसलेतरी तंतू तरंगायला लागले. बुरशी तर नाही ना? टाकून दिला मी एक कप.
— घाबरलेला

उत्तर : अरे अरे, टाकलात! ती बुरशी नाही, ती त्या कोंबाचीच लव. कोवळ्या कोंबावर बारीक केस असतात, ते पाण्यात सुटतात आणि चहा धुरकट दिसतो. या चहात लव असणं हे उलट कोवळेपणाचं लक्षण, आणि बिलुओचुन तर त्यासाठीच ओळखला जातो. हा सुचौजवळच्या ताइहू तलावाकाठच्या दोंगथिंग डोंगरावरचा, तिथे चहाची झुडपं फळझाडांच्या मधेमधे असतात. बुरशी असती तर कोंदट, ओल्या भिंतीसारखा वास आला असता आणि कोरड्या पानांवरच कापसासारखे पुंजके दिसले असते. लव ही प्रत्येक कोंबाला सारखी चिकटलेली असते, बोटावर चोळली तर पिठासारखी लागते.

पण तुमचा चहा जरा जास्तच गढूळ झाला त्याचं कारण म्हणजे पानांवर वरून पाण्याची धार सोडली. या चहाला उलटं करायचं, आधी पाणी, मग पानं. ग्लासात पाऊण उंचीपर्यंत ७५-८० डिग्रीचं पाणी घ्या आणि वरून पानं अलगद सोडा. आणि मग काही करू नका, फक्त बघा. लवेमुळे वेटोळी क्षणभर पाण्यावर टेकतात, मग पाणी पितात, जड होतात आणि एकेक करून खाली उतरायला लागतात, मागे धुराची बारीक रेघ सोडत. मी तर चहा राहू दे, हे बघायलाच बिलुओचुन करते कधी कधी.

पाणी आधी की पानं आधी यालाही जुनी परंपरा आहे बरं का. मिंग काळातल्या चांग युआन नावाच्या लेखकाने तीन पद्धती लिहून ठेवल्यात, आधी पानं मग पाणी, अर्धं पाणी मग पानं मग उरलेलं पाणी, आणि आधी पाणी मग पानं. या पद्धती तो ऋतूंप्रमाणे वाटून देतो, हिवाळ्यात पहिली, वसंत आणि शरदात मधली, उन्हाळ्यात शेवटची. आज लोक ऋतूपेक्षा पानावर ठरवतात. लवदार, वजनदार, नाजूक कोंब म्हणजे आधी पाणी. ह्वांगशान माओफेंगसारखा मोकळ्या पानांचा असेल तर मधली पद्धत. थाइपिंग हौख्वी, ज्याची पानं बोटभर लांब असतात, ती उंच ग्लासात देठाकडून उभी करायची आणि कडेने पाणी सोडायचं. लाँगजिंगला मधली किंवा पहिली, दोन्ही चालतात, यावर भांडणारे भांडू देत.

प्रश्न : माझी तक्रार उलटी आहे. कडू होऊ नये म्हणून मी ६० डिग्रीचं पाणी आणि बरोब्बर एक मिनिट, आणि चहा लागतो म्हणजे गरम पाण्यात कुणीतरी हिरवं पान दाखवून नेल्यासारखा. एवढं कौतुक नक्की कशाचं करतात लोक?
— गरम पाणी पिणारा

उत्तर : हसले मी, पण तुमचं बरोबर आहे. "उकळतं नको" हा सल्ला आमच्यासारख्यांनी इतका घोकून दिलाय की लोक दुसऱ्या टोकाला गेलेत, आगीतून फुफाट्यात. ६० डिग्रीला एका मिनिटात या पानांतून फारसं काही येत नाही, वास तर जवळजवळ नाहीच, कारण वासाची द्रव्यं उडायला उष्णता लागते.

एक गोष्ट सांगते, ऐकून खुर्चीतून पडाल. चहा पारखणारे लोक ग्रीन टी उकळत्या पाण्यातच तपासतात. चिनी राष्ट्रीय मानकातली चाचणीची रीत अशी, ३ ग्रॅम पानं, १५० मिली उकळतं पाणी, झाकण, ४ मिनिटं. पिण्यासाठी नाही, दोष उघडे पाडण्यासाठी. जळकट वास, शिळेपणा, उशिरा तोडलेल्या पानांचा कडूपणा, सगळं वर येतं. आणि चांगला चहा त्यातही कडक होतो पण घाण लागत नाही. म्हणजे पान चांगलं असेल तर पाच डिग्री इकडे तिकडे झाल्याने काही आभाळ कोसळत नाही. एवढं घाबरून करू नका.

तुम्ही थेट ८५ वर जा, एक मिनिट तेच ठेवा, पानं ३ ग्रॅमपेक्षा कमी असतील तर वाढवा. आणि पहिला घोट घेण्याआधी ओल्या पानांचा वास घ्या, कप तोंडाशी नको, नाकाशी. बरीचशी मजा तिथे आहे. शिवाय हा चहा हलकाच असतो हो, घसा धरणारा कडकपणा शोधाल तर निराश व्हाल. घोट गिळल्यावर पाच-दहा सेकंदांनी जिभेच्या मागे गोडवा परत येतो, तो बघा येतो का.

प्रश्न : त्याच डब्यातला चहा बहिणीकडे छान होतो आणि माझ्याकडे तपकिरी, वर तवंग. हात तिचाच चांगला का?

उत्तर : हात नाही, पाणी. तुमच्याकडे पाणी जड आहे. क्षार जास्त असले, विशेषतः कॅल्शियम आणि बायकार्बोनेट, की चहाचा रंग गडद होतो, चव दबते आणि वर ती चकाकती साय येते. किटलीच्या तळाला पांढरी पुटं दिसतात ना? तोच प्रकार. पण याचा अर्थ डिस्टिल्ड पाणी घ्या असा नाही, त्यात चहा पोकळ लागतो, आरओमधून पार क्षार काढलेल्या पाण्यातही तसंच. मधलं हलकं पाणी हवं. अर्धं आरओचं अर्धं साधं असं मिसळून बघा, मग प्रमाण जिभेने ठरवा. लू यूनेही डोंगरातलं पाणी पहिलं, नदीचं दुसरं आणि विहिरीचं शेवटचं असा क्रम लावला होता, आणि हांगचौचे लोक आजही लाँगजिंगची जोडी तिथल्याच हूपाओ झऱ्याच्या पाण्याशी लावतात. बहिणीकडून एक बाटली पाणी आणून तुमच्या स्वयंपाकघरात करून बघा, वाद तिथेच मिटेल.

प्रश्न : ग्लासात केला की पानं तोंडात येतात आणि गायवान आणलं तर बोटं भाजतात. कसं प्यायचं माणसाने?

उत्तर : (नवीन वाचकांसाठी, गायवान म्हणजे झाकण आणि बशी असलेला बिनकानाचा कप, गायीशी काही संबंध नाही.) बोटं भाजतात कारण तुम्ही काठोकाठ भरता. पाणी बाहेर वळलेल्या काठाच्या खाली राहू द्या, तो काठ कोरडा राहिला की तोच धरायचा, अंगठा आणि मधलं बोट दोन बाजूंना, तर्जनी झाकणाच्या गाठीवर. झाकण जरासं तिरकं सरकवून फट ठेवायची आणि न घाबरता एकदम ओतायचं. हळूहळू ओतलं तर वाफ बोटांवर येते आणि तिथेच भाजतं. दोन दिवस गार पाण्याने सराव करा. चहा मुरत असताना मात्र झाकण बाजूला, ओतायच्या वेळीच लावा.

ग्लासचं म्हणाल तर थोडा धीर धरा, दोन-तीन मिनिटांत बहुतेक पानं खाली बसतात. तरंगतायत तोवर फुंकर घालून बाजूला सारायची. चीनमध्ये कितीतरी लोक असंच पितात, पानं न काढता, पण तेव्हा पानं कमी घ्यायची, २०० मिलीला २ ग्रॅम पुरे. आणि ग्लास पूर्ण रिकामा करायचा नाही, तिसरा हिस्सा उरला की वरून गरम पाणी घालायचं. खालचा राहिलेला चहा पुढच्या पाण्याला चव देतो.

तुम्ही म्हणाल आधी तर शेवटच्या थेंबापर्यंत ओता म्हणालात. हो, ते कपात वेगळं काढून पिणाऱ्यांसाठी, ३ ग्रॅमला १५० मिली असं दाट करतो तेव्हा. ग्लासात पानं थोडी आणि झाकण नसल्याने पाणी भराभर निवतं, म्हणून ते चालतं.

प्रश्न : गेल्या वर्षीचा डबा अर्धा शिल्लक आहे, एक्स्पायरी बाकी आहे पण चव गेलीय. आणि 'चिंगमिंगच्या आधीचा' असं डब्यावर लिहिलंय ते काय?

उत्तर : दुसरं आधी. चिंगमिंग हा चिनी पंचांगातला ४-५ एप्रिलच्या सुमाराचा दिवस. त्याआधी तोडलेले पहिले कोंब सगळ्यात कोवळे. थंडीतून नुकत्याच उठलेल्या झुडपाच्या त्या कोंबांत अमिनो आम्लं जास्त असतात, पुढे उन्हं वाढली की कॅटेचिनचं पारडं जड होत जातं. त्यानंतर साधारण २० एप्रिलपर्यंतचा म्हणजे 'कूयू' या त्याच पंचांगातल्या पुढच्या दिवसाच्या आधीचा. तोही उत्तम असतो, आणि खरं सांगायचं तर रोज प्यायला मला तोच आवडतो, जरा भरदार लागतो तो. नवशिक्याने तर त्यापासूनच सुरुवात करावी, चूक पोटात घालतो.

आता जुना डबा. ग्रीन टी मुरून चांगला होणारा चहा नाही, उजेड, ऊब, ओल आणि हवा हे चारही त्याचे शत्रू. तुम्ही अर्धा डबा वर्षभर उघडबंद करत होतात, मग एक्स्पायरीचा शिक्का काय करणार. नवीन आणला की लगेच छोट्या हवाबंद पाकिटांत वाटून ठेवा, एक वापरायला बाहेर, बाकी घट्ट बंद करून फ्रिजमध्ये, वासाच्या पदार्थांपासून लांब. फ्रिजमधलं पाकीट बाहेर काढल्या काढल्या उघडायचं नाही, खोलीच्या तपमानाला येऊ द्यायचं, नाहीतर थंड पानांवर हवेतली वाफ बसते आणि संपलं. हांगचौला जुन्या रीतीने नवा लाँगजिंग मडक्यात कळीच्या चुन्याबरोबर काही दिवस ठेवतात, पुडक्यात वेगळा बांधून, म्हणजे चुना ओल ओढून घेतो आणि नव्या भाजणीचा उग्रपणा जातो. तुम्ही हे घरी करू नका, कळीच्या चुन्याला पाणी लागलं की तो तापतो.

उरलेला चहा फेकू नका. ५ ग्रॅम पानं अर्धा लिटर थंड पाण्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये, सकाळी गाळून प्या. गार पाण्यात कडूपणा फार कमी उतरतो आणि जुन्या चहाचंही त्यात बरं निभतं.

झटपट :

पानं धुवून पहिलं पाणी टाकून द्यायचं का? नाही, ग्रीन टीचं पहिलं पाणीच सगळ्यात चांगलं.

किती वेळा पाणी घालता येतं? तीनदा आरामात, दर वेळी थोडं जास्त गरम आणि थोडा जास्त वेळ.

'आंजी बाइचा' नावाचा चहा ग्रीन टी की व्हाइट टी? 'बाइचा' म्हणजे 'पांढरा चहा', पण बनवतात ग्रीन टीच्या पद्धतीने, म्हणजे ग्रीनच. वसंतात त्या झुडपाची पालवीच फिकट येते म्हणून ते नाव. थिअनिन भरपूर, तुरटपणा कमी, त्यामुळे वरच्या 'तोंड वाकडं करणारी'ने पुढचा डबा हाच आणावा.

रिकाम्या पोटी प्यायला तर मळमळतं. मग रिकाम्या पोटी नका पिऊ. अंगात लोह कमी असेल तर जेवणाला लागूनही नको, तासभर अंतर ठेवा.

साखर? घाला की, तुमचा चहा आहे. फक्त आधी एक घोट बिनसाखरेचा घ्या.